सहाव्या मजल्याचा संकेतार्थ

आमच्या कार्यालयाने ती लिफ्ट बंद केली तेव्हा ती उत्तम चालत होती, हे सुरुवातीलाच नमूद करतो. नाहीतर लोकांचा असा गैरसमज होतो की बिघडलेल्या लिफ्ट बंद करणं हे लिफ्ट तपासणी कार्यालयाचं काम आहे. बिघडलेली लिफ्ट आपली आपणच बंद पडते, त्यासाठी सरकारी माणूस लागत नाही. चालती लिफ्ट बंद करायला मात्र प्रशिक्षित निरीक्षक लागतो, तार लागते, शिशाचं सील लागतं आणि ते दाबायला पक्कड लागते. तो निरीक्षक मी होतो आणि पक्कडही माझीच होती.

लिफ्टचा गुन्हा एवढाच होता की तिच्या ब्रेकवर निर्मात्या कंपनीच्या मान्यतेची जी पट्टी असते, तिची मुदत संपली होती. ब्रेक शाबूत होता. लागायचा तेव्हा लागत होता, सुटायचा तेव्हा सुटत होता. पण तसं करण्याचा अधिकार त्याला उरला नव्हता. मी तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला तार आवळली, सील दाबलं, आणि जिना चढून सहाव्या मजल्यावर गेलो, कारण तिथे माझी आत्या राहते.

मला लहानाचं मोठं आत्याने केलं. त्यामुळे ती माझ्याशी बोलताना शिष्टाचार पाळत नाही. दार उघडल्या उघडल्या तिने विचारलं, "सील तूच लावलंस ना?"

"कार्यालयाने लावलं."

"कार्यालयाला हात कधी फुटले?"

मी चहा मागितला. प्रश्न अडचणीचा असला की चहा मागावा, हे मी नोकरीत शिकलो आहे.

आत्याचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले आहेत. घरातल्या घरात ती भिंतीला धरून हिंडते, पण जिना हा तिच्यासाठी बंद झालेला विषय. तरी रोज दुपारी ती लिफ्टने खाली उतरायची, काठी टेकत रस्ता ओलांडायची आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसायची. बाकाशेजारी तिची मैत्रीण चाकांच्या खुर्चीत वाट बघत असायची. ही मैत्रीण समोरच्याच घरात तळमजल्यावर राहते. आत्या तिला 'समोरची' म्हणते आणि ती आत्याला 'वरची' म्हणते. दोघींनी एकाच शाळेत जन्मभर शिवण शिकवलं आणि निवृत्तीनंतर आख्ख्या गल्लीची मापं काढायला घेतली. कोणाची सून कोणाशी बोलत नाही, कोणाच्या मुलाने कोणती गाडी कोणाला दाखवायला घेतली, सगळ्याचा निकाल त्या बाकावर लागायचा.

सील लागलं आणि वरची वर राहिली, समोरची समोर राहिली. मधे रस्त्याची रहदारी. दुपार झाली की आत्या गॅलरीत उभी राही, समोरची चाकांची खुर्ची दारात आणून बसे, आणि समोरचीला फोनवर ऐकू येत नसल्याने दोघी हातवारे करत. हातवाऱ्यांनी जेवण झालं का ते विचारता येतं, पण कुचाळक्या करता येत नाहीत. आत्या म्हणाली की अन्नावाचून माणूस बरेच दिवस काढतो, पण खरी उपासमार ही आहे. त्यात बातमी आली की समोरचीचा मुलगा महिनाअखेरीला आईला कायमची आपल्या शहरात घेऊन जाणार. घर बंद होणार होतं.

"मला एक दुपार हवी आहे तिच्याशेजारी," आत्या म्हणाली. "महिनाभर नको. एक दुपार. तेवढं कर."

मी म्हणालो, बघतो. मी हा शब्द फार मनापासून उच्चारतो, आणि त्या दिवशीही तो मनापासूनच उच्चारला.

खरं तर शेजाऱ्यांनी त्याआधीच एक उपाय काढला होता. पाचव्या मजल्यावरचा सुतार आणि त्याचा मेहुणा आत्याला लाकडी खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून, जिन्याने खाली न्यायला तयार होते. खुर्ची दाराशी आणूनही ठेवली होती. पण मी नेमका तिथे हजर होतो. व्यक्तीस आसनस्थ करून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेणे ही आमच्या नियमांनुसार 'उभी वाहतूक' होते, आणि तिला परवाना लागतो. दोरखंडाची चाचणी लागते, भारक्षमतेची पाटी लागते. सुताराच्या मेहुण्याच्या पाठीवर भारक्षमतेची पाटी नव्हती. मी हे समजावून सांगितलं. सुतार म्हणाला, "साहेब, आम्ही तर उचललं असतं, पण तुम्हीच नको म्हणता." आणि तो सुटल्यासारखा खाली गेला. खुर्ची बरेच दिवस तिथेच होती. आत्या तिच्यावर भाजी निवडायची.

आता पट्टीचं बघायचं होतं. मान्यतेची नवी पट्टी देणार निर्माती कंपनी. ही कंपनी दूरदेशीची, तिची भाषा स्पॅनिश. आणि आमच्या नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे की निर्मात्याशी पत्रव्यवहार निर्मात्याच्या भाषेत करावा. टंकलेखन करणाऱ्या मुलीने सुचवलं की मोबाईलवर क्षणात भाषांतर होतं. त्यावर आमच्या मुख्य लिपिकांनी तिला विचारलं की भाषांतर चुकलं तर निलंबित कोणाला करायचं, मोबाईलला? मुख्य लिपिकांना आम्ही सगळे 'तरतूदभाऊ' म्हणतो, कारण कुठल्याही मागणीवर ते आधी डोळे मिटतात आणि मग म्हणतात, "तरतूद नाही." त्या दिवशी मात्र त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "प्रशिक्षणाची तरतूद आहे."

तर स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंना बोलावणं गेलं. बाई उत्साही होत्या. सरकारी कार्यालयात त्या पहिल्यांदाच येत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. त्यांनी सांगितलं की वर्षभर रोज तास घेतला तर कर्मचारी बऱ्यापैकी बोलू लागतील. मोठ्या साहेबांनी विचारलं की भाषा सुटी मिळते का. म्हणजे आख्खी न घेता त्यातला एखादा काळ, जेवढा लागेल तेवढा. बाई हसल्या. त्यांना वाटलं साहेब विनोद करत आहेत. साहेबांनी समिती नेमली.

समितीने एकेक काळ मागवून तपासला. वर्तमानकाळ प्रथमदर्शनीच बाद झाला, कारण 'आम्ही काम करत आहोत' असं लेखी दिलं की कोणीतरी खिडकीतून डोकावून बघणार. भूतकाळ धोक्याचा. 'आम्ही काम केलं' म्हटलं की लेखापरीक्षक दाखवा म्हणतो. भविष्यकाळावर बराच काथ्याकूट झाला, साहेबांचा त्याच्याकडे ओढा होता, पण तरतूदभाऊंनी निदर्शनास आणलं की 'करू' म्हटल्यावर पुढचा प्रश्न 'कधी' हा असतो. शेवटी बाईंनी भीतभीत आणखी एक प्रकार सांगितला. संकेतार्थ. अमुक असतं तर मी केलं असतं, गेलो असतो, दिलं असतं, अशातलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर आपण जी भाषा बोलत आलो तिला परदेशात व्याकरणाची मान्यता आहे, हे कळल्यावर माणूस हळवा होतो.

शिवाय हा प्रकार स्वस्त होता. स्पॅनिश क्रियापदांच्या तीन जाती असतात, काहींच्या शेवटी आर येतं, काहींच्या एर, काहींच्या ईर. इतर बऱ्याच काळांत प्रत्येक जातीचे नखरे वेगळे. संकेतार्थात तिन्ही जातींना एकच शेपूट. मूळ क्रियापद अख्खंच्या अख्खं ठेवायचं, काही कापायचं नाही, आणि त्याला मागून 'ईआ' जोडायचं. बाईंनी फळ्यावर आमच्याच खात्याची तीन क्रियापदं लिहिली. बाहार, म्हणजे खाली येणे किंवा खाली आणणे. मोबेर, म्हणजे हलवणे. सुबीर, म्हणजे वर जाणे. मग शेपूट लावलं. बाहारीआ, मोबेरीआ, सुबिरीआ.

मूळ वस्तूला हात न लावता नुसती मागून पुरवणी जोडायची, ही कार्यपद्धती आमच्या लोकांना विनासायास समजली. बाई म्हणाल्या की इतक्या वेगाने शिकणारा वर्ग त्यांनी पाहिला नव्हता.

फक्त अनियमित क्रियापदांपाशी घोडं अडलं. काही क्रियापदं शेपूट लावताना मधेच मोडतात, म्हणून त्यांना अनियमित म्हणतात. हा शब्द कानी पडताच तरतूदभाऊ उठून उभे राहिले. कार्यालयात कुठलीही अनियमितता खपवून घेतली जाणार नाही, असं त्यांनी बजावलं, आणि अनियमित क्रियापदं अभ्यासक्रमातून वगळण्यात आली. ती कोणती, हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं. करणे, येणे, सांगणे, माहीत असणे, इच्छा असणे आणि शकणे. बाईंनी काकुळतीला येऊन सांगितलं की यांच्यावाचून माणसाचं बोलणं कसं चालेल. आमचं कामकाज तर या सगळ्यांवाचून पूर्वीपासूनच सुरळीत चालू होतं.

वर्ग रोज दुपारी सभागृहात भरे. बाहेर खिडकीपाशी लोकांची रांग, आत आम्ही एका सुरात. मी खाली आलो असतो, बाहारीआ. तू खाली आला असतास, बाहारीआस. तो खाली आला असता, बाहारीआ.

इथे भांडारपालाने हात वर केला. त्याने विचारलं की 'मी'चं रूप आणि 'तो'चं रूप एकच कसं? बाई म्हणाल्या, संकेतार्थात ते एकच असतं, कोण ते संदर्भावरून समजून घ्यायचं.

या एका वाक्याने बाई कार्यालयात पूज्य झाल्या. बाहारीआ म्हणजे मी खाली आणलं असतं, आणि बाहारीआ म्हणजेच त्याने खाली आणलं असतं. शब्द तोच, उच्चार तोच, आणि जबाबदारी टेबलावरून शेजारच्या टेबलावर गेली तरी कागदावर ओरखडासुद्धा नाही. भांडारपालाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने नोकरीची उभी हयात हे साधण्यात घालवली होती आणि तिकडे लोक ते शाळेत शिकत होते.

'आम्ही'चं रूप, बाहारीआमोस, समित्यांसाठी राखून ठेवण्यात आलं. 'तुम्ही'चं एक रूप बाहारीआइस, ते बाईंच्या म्हणण्याप्रमाणे एकाच देशात चालतं आणि बाकीचे त्याला विचारत नाहीत. तेही आम्ही घेतलं, कारण घेतलेली वस्तू वापरलीच पाहिजे असा नियम नाही. फक्त 'तू'चं रूप कोणाला आवडलं नाही. बाहारीआस. त्या शेवटच्या 'स'मुळे माणूस नेमका सापडतो. समोरच्याकडे बोट दाखवल्यासारखं वाटतं. ते आम्ही घाईने म्हणून पुढे सरकत असू.

मी सहा मजले चढताना सराव करायचो. हातात आत्याची भाजी, तोंडात ईआ, ईआस, ईआ. आत्या दार उघडून ऐकत उभी राहायची. तिने शिक्षिकेची नोकरी केलेली, तिला कोणी काही पाठ करताना दिसलं की राहवत नाही. माझं चुकलं की ती आतून सुधारायची. थोड्याच दिवसांत तिची रूपं माझ्यापेक्षा पक्की झाली.

"हे शिकून लिफ्ट चालू होणार?" तिने एकदा विचारलं.

मी म्हणालो की पत्र जाईल, उत्तर येईल, पट्टी येईल.

"आणि ती जाईल," आत्या म्हणाली. ती गॅलरीत गेली. समोरची दारात खुर्चीवर होती. तिने मांडीवर एक पेटी घेतली होती आणि आत काय भरलं ते एकेक वस्तू वर धरून आत्याला दाखवत होती. कात्री, फूटपट्टी, बटणांचा डबा. आत्या मान डोलवत होती. मला खरोखर वाईट वाटलं. मी भाजी ओट्यावर ठेवली आणि हळूच निघालो.

पत्र तयार झालं. मंजूर क्रियापदांत आणि मंजूर रूपांत ते असं होतं: लिफ्ट खाली आली असती. लिफ्ट वर गेली असती. आम्ही पट्टी विकत घेतली असती. आम्ही आपणास लिहिलं असतं. आपलं उत्तर आम्ही वाचलं असतं. खाली साहेबांची सही. पत्रात एकही चूक नाही, असा अभिप्राय बाईंनी दिला, आणि नंतर बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

कंपनीचं उत्तर लगेच आलं. लांबलचक असेल या अपेक्षेने समिती बसली होती, पण उत्तर दोनच शब्दांचं निघालं. "सी के?"

बाईंनी अर्थ सांगितला. जर काय?

कंपनीचं म्हणणं बरोबर होतं. 'घेतली असती' म्हणजे काय झालं असतं तर? अट कोणती? आणि इथे असं उघडकीला आलं की संकेतार्थाच्या वाक्याला दोन बाजू असतात. 'तर'ची बाजू आम्ही शिकलो होतो. 'जर'ची बाजू निराळ्या रूपात असते, ती निराळी शिकावी लागते, आणि ती आम्ही घेतलीच नव्हती. साहेबांनी बाईंना विचारलं की हे आधी का सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, सांगितलं होतं, तेव्हा आपण म्हणालात की अटींचं काम दुसऱ्या विभागाकडे आहे.

'जर'च्या खरेदीसाठी नवी समिती नेमण्यात आली. निविदा काढायचं ठरलं. मधल्या काळात आम्हाला पहिल्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं वाटण्यात आली, हारतुऱ्यांसकट. साहेब आपल्या भाषणात म्हणाले की त्यांनी आणखीही बरंच सांगितलं असतं.

मी आत्याला हे सगळं सांगितलं. कामकाजातली गोपनीयता मी घरी पाळत नाही.

"म्हणजे तुमच्याकडे 'तर' आहे आणि 'जर' नाही," ती म्हणाली. "त्यांना माझा 'जर' कळवा ना. आत्याबाईला मिशा असत्या तर. तुमच्या सगळ्या कामाला तेवढा एक पुरेल."

मी हसलो. ती हसली नाही. तिने विचारलं, "मला खरंच मिशा असत्या, मी तुमचा कोणी साहेब असते, तर सील राहिलं असतं का रे?" मी चहा मागितला. तिने केला नाही.

महिनाअखेर आली. आणि नेमक्या त्याच दुपारी कंपनीचा इंजिनियर स्वतः येऊन धडकला. तो दुसऱ्या कामासाठी जवळपास आला होता, आमचं पत्र त्याच्या कंपनीत भिंतीवर लावलेलं होतं म्हणे, आणि ते लिहिणारी माणसं बघायची त्याला फार हौस होती. साहेब, तरतूदभाऊ, बाई, भांडारपाल आणि मी असे सगळे त्याला घेऊन आत्याच्या इमारतीत गेलो. रस्त्यापलीकडे समोरचीच्या दारात गाडी उभी होती. मुलगा सामान चढवत होता. समोरचीला गाडीत पुढे बसवलं होतं आणि तिने मान वाकडी करून काचेतून वर, आत्याच्या गॅलरीकडे, डोळे लावले होते.

इंजिनियर यंत्राच्या खोलीत जाऊन आला. ब्रेक बघितला, ठोकला, हसला. खिशातून नवी पट्टी काढून त्याने ती चिकटवली सुद्धा. तळमजल्यावर येऊन त्याने माझ्या सीलकडे बोट केलं आणि एक छोटंसं वाक्य म्हटलं.

"ते म्हणतायत, लिफ्ट ठणठणीत आहे, सील काढा," बाई म्हणाल्या.

माझा हात खिशातल्या पक्कडीवर गेला. तेवढ्यात तरतूदभाऊंनी डोळे मिटले.

त्यांचे मुद्दे दोन होते, आणि मला सांगायला हवं की दोन्ही बिनतोड होते. बाईंची नेमणूक शिकवण्यासाठी आहे, भाषांतरासाठी नाही, त्यामुळे त्यांनी काय सांगितलं ते ग्राह्य नाही. आणि 'काढा' हा आज्ञार्थ आहे. आज्ञार्थ मंजूर अभ्यासक्रमात नाही. सबब पाहुण्यांनी जे काही म्हटलं ते कार्यालयाला अधिकृतपणे समजलेलं नाही. पाहुण्यांनी कृपया तेच संकेतार्थात म्हणावं.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि इंजिनियरला काहीतरी सांगितलं. तो भला माणूस. तो जरा विचार करून, सावकाश, आमच्या उच्चाराच्या बेताने म्हणाला, "कितारीआ एल सेयो."

आम्हाला कळलं. सगळ्यांना एकदम कळलं. कितार म्हणजे काढणे, त्याला ईआ, म्हणजे सील काढलं असतं. परक्या माणसाचं वाक्य कोणाच्या मदतीवाचून समजल्याचा आनंद काय असतो, हे तिथे असल्याशिवाय कळायचं नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. भांडारपालाने माझी पाठ थोपटली.

मग सगळे थांबले. कितारीआ म्हणजे मी काढलं असतं, किंवा त्याने काढलं असतं. साहेबांनी तरतूदभाऊंकडे बघितलं. तरतूदभाऊंनी भांडारपालाकडे. भांडारपालाने माझ्याकडे. मी इंजिनियरकडे. इंजिनियर पुढे सरसावला तर तरतूदभाऊ आडवे झाले, सरकारी सीलला परदेशी माणसाने हात लावण्याची तरतूद नव्हती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आम्ही एकमेकांकडे अदबीने बघत उभे होतो. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा विश्वास होता की दुसरा माणूस सक्षम आहे.

जिन्यातून काठीचा आवाज आला. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. कोणाच्याही आधी मला तो ओळखू आला. मी धावत वर गेलो.

आत्या तिसऱ्या मजल्यावर होती. एकेका पायरीवर बसत, घसरत, कठडा धरत ती तिथवर आली होती. चांगली साडी नेसली होती आणि पाठीमागून तिला जिन्याची सगळी धूळ लागली होती. मला बघून ती म्हणाली, "थांबव त्यांना, आलेच मी." त्याच वेळी खाली दार आपटल्याचा आवाज आला आणि गाडी निघाली. जिन्याला रस्त्याच्या बाजूची खिडकी आहे. समोरचीने काच खाली केली होती आणि ती वळून वळून वर बघत होती. सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत कोणी नव्हतं. आत्या जिन्यात होती, हे तिला कुठून कळणार? आपली मैत्रीण निरोपालाही बाहेर आली नाही, एवढंच तिच्या नजरेला दिसलं आणि तेवढंच घेऊन ती गेली.

आत्या पायरीवर बसली. बराच वेळ तिने गुडघे चोळले. मी तिच्याजवळ उभा होतो.

"ते 'तू'चं रूप काय रे?" तिने विचारलं. "तुम्ही घाईघाईने म्हणता ते."

"बाहारीआस."

"म्हणजे?"

"तू खाली आला असतास."

"दुसरा अर्थ सांग. बाईंनी दोन सांगितलेत."

मी सांगितला. "तू खाली आणलं असतंस."

"हं," आत्या म्हणाली. "आता बरोबर आलं." आणि तिने माझ्या खिशातून बाहेर डोकावणाऱ्या पक्कडीकडे बघितलं.

नंतर सुतार आणि त्याचा मेहुणा ती लाकडी खुर्ची घेऊन आले आणि मला न विचारता त्यांनी आत्याला उचलून वर नेलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. ते जात असताना मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण मी त्यांना पाहिलं असतं तर नोंद करावी लागली असती. वर जाताना सुतार मेहुण्याला म्हणत होता की महिनाभर आधी आपण नेलंच असतं. मेहुणा म्हणाला, हो, नेलंच असतं.

लिफ्टला सील अजून आहे. पट्टी नवी, ब्रेक चांगला, मान्यता ताजी. 'जर'ची निविदा छाननीत आहे. आमचं प्रशिक्षण इतर कार्यालयांना आदर्श म्हणून दाखवलं जातं, आणि तिकडच्या लोकांना ते फार सोपं जातं, असं बाई सांगतात. बाई हल्ली सांगताना हसत नाहीत. आत्या मला अजून जेवायला वाढते, पण माझे पाठ घेत नाही. दुपारी ती गॅलरीत उभी राहते आणि समोरच्या बंद दाराकडे बघते.

वाचकहो, आपला संताप मला कळतो. कानाकोपऱ्यातून एकच वाक्य मला ऐकू येतं आहे. मी तिथे असतो तर पक्कड हिसकावून घेतली असती, मी असते तर तार तोडली असती, आम्ही म्हातारीला पाठीवर घेऊन उतरलो असतो. आपल्या मजल्यावरून खाली न येऊ शकणारं कोणी आपल्याही ओळखीचं आहे, आणि त्यांच्याकडे आपण या रविवारी गेलोच असतो, हेही ऐकू आलं.

सगळी रूपं तपासून पाहिली. एकही चूक नाही. आपलं प्रमाणपत्र घरपोच पाठवलं असतं.